पाठ्यपुस्तकातून निसटलेली गोळी

दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या पुस्तकातले ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया’ हे प्रकरण बहुतेक शिक्षकांच्या परिचयाचे आहे. २०१८ साली बालभारतीने हे पुस्तक वर्गात आणले. त्यात मानवी प्रजननाचा भाग आला, मासिक पाळीचे चक्र आणि त्यामागची संप्रेरके आली. त्याच प्रकरणात जुळ्यांवर मजकूर आहे आणि मूल न होणाऱ्या दांपत्यांना आधुनिक तंत्रज्ञान कशी मदत करते, हेही आहे. काचनलिकेतील फलन, दुसऱ्या स्त्रीच्या गर्भाशयात मूल वाढवणे आणि वीर्यपेढी अशा तीन वाटा पुस्तक दाखवते. मूल न होण्याची कारणे सांगताना ते स्त्रीबरोबर पुरुषाचाही विचार करते.

पुस्तकाला त्याचे श्रेय आधी दिले पाहिजे. ज्या समाजात ‘पाळी’ हा शब्द घरात कुजबुजत बोलतात, तिथे सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या हाती हा मजकूर जाणे ही लहान गोष्ट नाही. अनेक शाळांत हा भाग ‘घरी वाचून या’ म्हणून सोडला जातो, तो दोष पुस्तकाचा नव्हे.

माझी तक्रार वेगळी आहे. मूल होत नाही म्हणून डॉक्टरांकडे गेलेल्या दांपत्यांपैकी फार थोड्यांवर काचनलिकेपर्यंत जाण्याची वेळ येते. ज्यांचा दोष अंडपेशी वेळेवर न सुटण्याचा असतो, आणि असे दांपत्य प्रत्येक तालुक्यात सापडेल, त्यांचा उपचार पाच दिवस घ्यायच्या साध्या गोळीपासून सुरू होतो. पाठ्यपुस्तकात या गोळीचा पत्ता नाही. शिडीची वरची तीन पावले रंगवली आणि खालचे पहिले पाऊल काढायचे राहिले, असे काहीसे झाले आहे.

शहरातल्या वाचकाला ही त्रुटी किरकोळ वाटेल. यवतमाळ जिल्ह्यातून पाहिले की ती किरकोळ राहत नाही. घाटंजी, मारेगाव किंवा झरी-जामणी तालुक्यातल्या मुलीला पुस्तकातले हे पान काय सांगते? मूल होत नसेल तर मुंबई-नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात काचेच्या भांड्यात काहीतरी करतात, त्याला लाखांनी पैसे लागतात. आणि ते जमत नसेल तर उरतो नवस, अंगारा आणि ‘खात्रीशीर’ पुडी. या दोन टोकांच्या मध्ये एक मोठा प्रदेश आहे. तिथे तपासणी आहे, स्वस्त औषध आहे आणि थोडे गणित आहे. याच मुलींपैकी अनेकींचे लग्न पुढच्या सहा-सात वर्षांत होणार आहे आणि लग्नानंतर सहाव्या महिन्यापासून त्यांना ‘काही आहे का?’ असे विचारले जाणार आहे. त्या वेळी हा मधला प्रदेश माहीत असणे किंवा नसणे यावर त्यांची बरीच वर्षे, बरेच पैसे आणि कधीकधी संसारही अवलंबून असतो.

पुस्तकातल्याच आकृतीत उत्तर आहे

ही गोळी समजावून सांगण्यासाठी नवे प्रकरण लिहायला नको. पुस्तकात पाळीच्या चक्राची जी आकृती आहे ती पुरेशी आहे. फक्त ती पाठ न करता वाचायला हवी.

आकृती काय सांगते? मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक सोडते. त्यामुळे अंडाशयातली एक पुटिका वाढू लागते. वाढणारी पुटिका इस्ट्रोजेन तयार करते. इस्ट्रोजेन वाढले की ती बातमी रक्तातून मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला आणि पीयूषिकेला पोचते आणि एफएसएच कमी होते. चक्राच्या मध्यावर एलएच या दुसऱ्या संप्रेरकाची एकदम लाट येते, पुटिका फुटते आणि अंडपेशी बाहेर पडते.

हे गावातल्या पाण्याच्या टाकीसारखे आहे. टाकीत तरंगणारा फ्लोट असतो. पाणी खाली गेले की फ्लोट खाली जातो आणि पंप सुरू होतो. टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि पंप बंद पडतो. इथे पाणी म्हणजे इस्ट्रोजेन, पंप म्हणजे पीयूषिका, आणि फ्लोट म्हणजे मेंदूतल्या पेशींवरचे इस्ट्रोजेन ओळखणारे ग्राही.

आता काही स्त्रियांमध्ये पंप मंद चालतो, पुटिका अर्धवट वाढून थांबतात, अंडपेशी सुटत नाही. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबते. पीसीओएस या नावाने ओळखली जाणारी अवस्था हे याचे सर्वांत नेहमीचे कारण. पंप जोरात चालवायचा तर काय करावे? विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारून बघा. थोड्या वेळात दोन उत्तरे येतील, आणि ती दोन्ही उत्तरे म्हणजे दोन खरी औषधे आहेत.

पहिले उत्तर : फ्लोट खाली बांधून ठेवा. पाणी असले तरी टाकी रिकामी आहे असे पंपाला वाटेल. क्लोमिफीन हे औषध असेच वागते. ते मेंदूतल्या ग्राहींवर जाऊन बसते, त्यामुळे इस्ट्रोजेनची खबर मेंदूला मिळत नाही. मेंदू समजतो इस्ट्रोजेन कमी आहे, आणि एफएसएच वाढते.

दुसरे उत्तर : टाकीत येणारे पाणीच थोडा वेळ कमी करा. लेट्रोझोल हे करते. अंडाशयात अँड्रोजेनपासून इस्ट्रोजेन तयार करणारे अ‍ॅरोमॅटेज नावाचे विकर आहे, त्याला ते अडवते. इस्ट्रोजेन खरोखरच कमी होते आणि पंप सुरू होतो.

दोन्ही गोळ्या साधारणपणे पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत पाच दिवस देतात आणि मग थांबवतात. पुढचे काम शरीर स्वतः करते. दोघींतला फरकही उपमेतून कळतो. क्लोमिफीन शरीरात बरेच दिवस रेंगाळते आणि गर्भाशयातल्या ग्राहींवरही बसते, त्यामुळे काही स्त्रियांत गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते. लेट्रोझोल काही दिवसांत शरीरातून निघून जाते, ग्राही मोकळेच असतात.

प्रत्येक उपमेला मर्यादा असते आणि ती मुलांना सांगितलीच पाहिजे. चक्राच्या मध्यावर इस्ट्रोजेन खूप वाढून दोनेक दिवस तसेच राहिले की पंप बंद होण्याऐवजी उलट एलएचची लाट येते. टाकीचा फ्लोट असे कधी करत नाही. शरीर एकाच निरोपाचा दोन वेळी दोन अर्थ लावते. उपमा जिथे तुटते तिथेच पाठाची सर्वांत चांगली चर्चा होते.

याच उपमेवर आणखी एक प्रश्न विचारता येईल. रजोनिवृत्तीनंतर अंडाशयात पुटिका जवळजवळ उरत नाहीत, म्हणजे टाकी कायमची रिकामी. मग पंपाचे काय होईल? तो सतत जोरात चालेल. वयस्क स्त्रियांच्या लघवीत एफएसएच आणि एलएच भरपूर असतात ते यामुळेच. इटलीत पिएत्रो डोनिनी या शास्त्रज्ञाने वृद्ध जोगिणींच्या मठांतून लघवी गोळा करून त्यातून ही संप्रेरके वेगळी केली आणि ब्रुनो लुनेनफेल्ड यांनी ती इंजेक्शनने वापरून केलेल्या उपचारातून १९६२ साली इस्राएलमध्ये पहिले मूल जन्मले. जवळजवळ त्याच काळात, १९६१ साली, अमेरिकेत ग्रीनब्लाट आणि सहकाऱ्यांनी क्लोमिफीनचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९६७ साली तिथे त्याला परवानगी मिळाली. लेट्रोझोलचा हा उपयोग मात्र अलीकडचा. ते औषध स्तनांच्या कर्करोगासाठी होते. २००१ साली टोरोंटोच्या मिटवाली आणि कॅस्पर यांनी अंडपेशी सुटण्यासाठी ते वापरता येते हे दाखवले.

जुळ्यांचे पान आणि हे पान

पुस्तकात जुळी कशी होतात हे दिले आहे. एकाच फलित अंडपेशीचे दोन भाग झाले तर एकयुग्मजी, दोन अंडपेशी सुटून दोन्ही फलित झाल्या तर द्वियुग्मजी. पण एखाद्या स्त्रीला एकाच महिन्यात दोन अंडपेशी का सुटाव्यात, हे तिथे येत नाही. टाकीच्या उपमेवरून ते सांगता येते. पंप गरजेपेक्षा जोरात चालला तर एकाऐवजी दोन पुटिका पिकतात. म्हणून क्लोमिफीन घेऊन राहिलेल्या शंभर गर्भधारणांत सात-आठ जुळ्यांच्या निघतात; एरवी शंभरात एखादी असते. संप्रेरकांच्या इंजेक्शनांनी हा धोका आणखी वाढतो, कधी अंडाशये सुजून पोटात पाणी होते आणि जिवावर बेतते.

जुळी झाली तर चांगलेच, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना हे सांगावे लागते की जुळी बऱ्याचदा मुदतीआधी आणि कमी वजनाची जन्मतात, आणि अशा बाळांना लागणारी व्यवस्था प्रत्येक तालुक्याच्या गावी नसते. म्हणूनच ही औषधे सोनोग्राफीवर लक्ष ठेवून देतात. इथे यवतमाळचा भूगोल आडवा येतो. गोळी स्वस्त असते, पण एका महिन्यात दोन-तीनदा तपासणीला जायचे म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत तर निघताच येत नाही. मग कोणीतरी शेजारणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या आणते. शेजारणीला गुण आला, आपल्यालाही येईल, या हिशेबाने. हे टाळायचे तर गोळी काय करते आणि काय करू शकत नाही, हे आधी कळलेले असावे लागते.

बियाणे न तपासता जमिनीला दोष

गोळी फक्त एक काम करते : अंडपेशी सुटायला मदत. अंडनलिका बंद असतील तर सुटलेली अंडपेशी पुढे जाणार नाही. आपल्याकडे क्षयरोगाचे जंतू फुप्फुसांप्रमाणे अंडनलिकांतही जातात आणि त्या कायमच्या बंद करतात. अशा स्त्रीला वर्षभर गोळ्या देऊन काहीच होणार नाही. आणि नवऱ्याच्या वीर्यात शुक्रपेशीच नसतील किंवा अगदी कमी असतील, तर बायकोने घेतलेली गोळी त्या वाढवू शकत नाही.

म्हणून पहिली तपासणी दोघांची. वीर्यतपासणी ही या सगळ्यात सर्वांत स्वस्त, बिनदुखण्याची आणि लवकर होणारी तपासणी आहे. मूल न होणाऱ्या दांपत्यांपैकी साधारण निम्म्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा स्त्रीकडच्या कारणाच्या जोडीने असते. तरीही बाई दोन वर्षे दवाखाने फिरते, नळ्यांची तपासणी करून घेते, गोळ्या खाते आणि नवऱ्याची तपासणी सर्वांत शेवटी होते, किंवा होतच नाही.

आपल्या जिल्ह्यात सोयाबीन पेरणारा शेतकरी पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किती उगवतात ते मोजतो. उगवण कमी आली तर बियाण्याच्या पिशवीकडे बोट दाखवतो, जमिनीला शिव्या देत नाही. तोच शेतकरी घरात मात्र उलटे करतो. तसे पाहिले तर पुरुष म्हणजे बीज आणि स्त्री म्हणजे शेत ही उपमाच चुकीची आहे. अंडपेशी आणि शुक्रपेशी दोन्ही मिळून बीज होते, हे पुस्तकाने सांगितले आहे. पण ती उपमा वापरायचीच असेल तर निदान पुरती वापरावी.

पुरुषाच्या कामाची चौकशीही का करायची, याचे उदाहरण १९७७ सालचे आहे. कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात डीबीसीपी नावाचे कीटकनाशक तयार करणाऱ्या कामगारांच्या लक्षात आले की आपल्याला मुले होत नाहीत. तपासणीत अनेकांच्या वीर्यात शुक्रपेशी फार कमी किंवा शून्य आढळल्या. डीबीसीपीचा वापर पुढे बंद करण्यात आला. यवतमाळ जिल्ह्याने २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना झालेली विषबाधा पाहिली आहे, अनेक शेतकरी-शेतमजूर त्यात दगावले. ती रसायने वेगळी होती. एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला लावता येणार नाही. पण ‘तुम्ही काय काम करता, काय हाताळता?’ हा प्रश्न डॉक्टरांनी पुरुषालाही विचारायला हवा, इतके या उदाहरणावरून नक्की ठरते.

भाषेचाही यात वाटा आहे. ‘वांझ’ हा शब्द आपण बाईला लावतो. पुरुषाला लावण्याजोगा त्याच्या तोडीचा बोलीतला शब्द नाही. मग लोक ‘नपुंसक’ म्हणतात, आणि तो अर्थानेच चुकीचा आहे. ज्याच्या वीर्यात शुक्रपेशी नाहीत तो पुरुष शरीरसंबंधाला पूर्ण समर्थ असू शकतो. हा गोंधळ असल्यामुळेच तपासणी म्हणजे मर्दानगीची परीक्षा असे पुरुषांना वाटते आणि ते टाळतात. आपला १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा औषध व जादुई उपाय कायदा पाहा. ज्या विकारांवर इलाज असल्याची जाहिरात करायला त्याने बंदी घातली, त्यांच्या यादीत ‘स्त्रियांचे वंध्यत्व’ आहे. पुरुषांच्या वंध्यत्वाची त्यात वेगळी नोंद नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढेही बाईच होती!

बाबाचा यशाचा आकडा

आता थोडे गणित. निरोगी तरुण दांपत्याला एखाद्या महिन्यात दिवस राहण्याची शक्यता साधारण पाचात एक धरतात. वर्गात चाळीस मुले असतील तर प्रत्येकाला पाच चिठ्ठ्या द्या, एकीवर खूण करा. दर ‘महिन्याला’ न बघता एक चिठ्ठी उचलायची, परत ठेवायची. असे बारा वेळा. काहींना पहिल्याच महिन्यात खूण लागेल, काहींना दहाव्या. बारा महिन्यांनंतरही दोन-तीन मुलांना खूण लागलेली नसेल. त्यांच्या चिठ्ठ्यांत काही दोष नव्हता. सहा महिन्यांत मूल राहिले नाही म्हणून घाबरण्याचे कारण का नाही, हे यातून कोणत्याही व्याख्यानापेक्षा चांगले कळते. वैद्यकशास्त्र साधारण एक वर्ष वाट पाहायला सांगते; स्त्रीचे वय पस्तिसाच्या पुढे असेल, पाळी फारच अनियमित असेल किंवा आधीचा काही आजार माहीत असेल तर लवकर जायला सांगते.

प्रत्यक्षात काय होते? ब्रिटनमधल्या डॉक्टरांसाठीच्या मार्गदर्शिकेत दिलेले आकडे असे : शंभरातल्या ८४ दांपत्यांना वर्षभरात दिवस राहतात, दोन वर्षांत ९२ जणांना. चिठ्ठ्यांच्या खेळात वर्षाअखेर शंभरातले सात उरतील, इथे सोळा उरले. कारण सर्वांच्या चिठ्ठ्या सारख्या नसतात. कोणाच्या पाचात एक, कोणाच्या पन्नासात एक, कोणाकडे खुणेची चिठ्ठीच नाही.

आता त्या सोळा दांपत्यांकडे पाहा. पुढच्या वर्षी त्यांच्यातल्या आठांना काहीही उपचार न करता दिवस राहतात. म्हणजे निम्म्यांना. समजा ही सोळा दांपत्ये वर्षाअखेर एखाद्या बाबाकडे गेली आणि त्याने प्रत्येकाला चिमूटभर राख दिली. पुढच्या वर्षी आठ जण पेढे घेऊन येतील. बाबाच्या यशाचा आकडा पन्नास टक्के! उरलेली आठ दांपत्ये परत येत नाहीत. ती दुसऱ्या बाबाकडे जातात. म्हणून बाबाच्या दारी फक्त पेढेवालेच दिसतात. यात बाबा खोटारडा असलाच पाहिजे असे नाही, त्याचा स्वतःचाही विश्वास बसत असेल.

हा नियम बाबाला लावायचा तर डॉक्टरलाही लावला पाहिजे. ‘माझ्या गोळीने गुण येतो’ असे डॉक्टर म्हणतो तेव्हा तुलना कोणाशी, हे विचारायचे. २०१४ साली अमेरिकेत लेग्रो आणि सहकाऱ्यांनी पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. ३७४ जणींना लेट्रोझोल, ३७६ जणींना क्लोमिफीन, जास्तीत जास्त पाच चक्रे. पहिल्या गटात १०३ जणींना मूल झाले, दुसऱ्यात ७२ जणींना. म्हणजे शंभरात २७.५ आणि १९.१. लेट्रोझोल सरस ठरले, आणि पीसीओएससाठीच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने त्याला पहिल्या पसंतीचे औषध म्हटले. पण हाच आकडा दुसऱ्या बाजूने वाचा. चांगल्यातले चांगले औषध पाच चक्रे घेऊनही शंभरातल्या बहात्तर जणींच्या हाती त्या अवधीत मूल आले नाही. ‘शंभर टक्के खात्री’ असे भिंतीवर रंगवणाऱ्याकडे, मग तो वैदू असो की पदवीधर, संशयाने बघायला हा एक आकडा पुरेसा आहे.

एक बंदी, आणि तिच्यातला धडा

तुलना चुकली की केवढा घोटाळा होतो, याचे उदाहरण याच औषधाच्या इतिहासात आहे. २००५ साली कॅनडात एका परिषदेत काही संशोधकांनी सांगितले की लेट्रोझोल घेऊन झालेल्या सुमारे दीडशे बाळांत हृदयाचे व हाडांचे व्यंग जास्त दिसते. तुलना केली होती एका रुग्णालयातल्या ३६,००० हून अधिक सर्वसाधारण बाळंतपणांशी. पण त्या आया वयाने लहान होत्या आणि त्यांना मूल होण्यात अडचण आलेली नव्हती. वय आणि मूळचा दोष यांचा परिणाम औषधाच्या माथी मारला गेला. २००६ साली तुलांदी आणि सहकाऱ्यांनी योग्य तुलना केली. उपचार घेऊन झालेलीच ९११ बाळे, काहींच्या आयांनी लेट्रोझोल घेतलेले, काहींच्या क्लोमिफीन. व्यंगाचे प्रमाण लेट्रोझोलच्या गटात २.४ टक्के निघाले, क्लोमिफीनच्या गटात ४.८ टक्के. लेट्रोझोलने व्यंग वाढते असे दिसले नाही.

भारतातली गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. रजोनिवृत्तीनंतरच्या कर्करोगासाठी परवानगी असलेले हे औषध वंध्यत्वासाठी वापरावे, असा प्रचार पुरेशी तपासणी होण्याआधीच इथल्या डॉक्टरांत झाला. त्यावर टीका झाली, आणि ती रास्त होती. औषध गुणकारी निघाले म्हणून न तपासता वापरणे आपोआप योग्य ठरत नाही. पुढे ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारने या उपयोगावर बंदी घातली. तोवर तुलांदींचा अभ्यास येऊन पाच वर्षे झाली होती. २०१७ साली बंदी उठली. मधल्या वर्षांत जगभर ज्या औषधाकडे कल झुकत होता, ते भारतातल्या स्त्रियांना रीतसर मिळत नव्हते. आधी घाई, मग दडपण, मग दुरुस्ती. आपल्या पाठ्यपुस्तकांत विज्ञान नेहमी सरळ रेषेत पुढे जाताना दिसते; ते खरे कसे चालते हे दाखवायला याहून जवळचे उदाहरण मिळणे कठीण आहे.

काचनलिकेमागची माणसे

काचनलिकेतील फलनाविषयीही पुस्तकाने एक धागा सोडला आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षाचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे ते काम. देशातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ म्हणून ते गाजले. पण ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, इंग्लंडमधल्या लुईस ब्राउननंतर अवघ्या ७० दिवसांनी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयोगातून एक मुलगी जन्मली होती. लुईसच्या वेळी डॉक्टरांनी नैसर्गिक चक्रातली एकच अंडपेशी घेतली होती. मुखर्जींनी संप्रेरकांची इंजेक्शने देऊन अधिक अंडपेशी मिळवल्या आणि भ्रूण गोठवून ठेवून पुढच्या चक्रात रोपला. आज जगभर हीच रीत रूढ आहे. त्यांच्या हयातीत मात्र सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला, आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. पुढे त्यांच्या नोंदी वाचून ‘पहिला मान मुखर्जींचा’ असे १९९७ साली जाहीर सांगणारे कोण? तर स्वतः आनंद कुमार, ज्यांच्या नावावर तो मान होता. मुलांना वैज्ञानिक दृष्टिकोन शिकवताना ही गोष्ट जरूर सांगावी.

पुस्तकाच्या या पानावर कायद्याच्या अंगानेही भर हवी. पुस्तक आले त्यानंतर संसदेने २०२१ साली सरोगसीचा आणि साहाय्यित प्रजननाचा असे दोन कायदे केले, ते जानेवारी २०२२ पासून लागू झाले. पैसे घेऊन दुसऱ्याचे मूल पोटात वाढवण्यास आता मनाई आहे. त्यामुळे मराठीत रुळलेला ‘भाडोत्री मातृत्व’ हा शब्दही टाकून द्यावा लागेल. तो तसाही त्या बाईचा अपमान करणारा होता.

वर्गात

शिकवताना एक सांभाळावे. वर्गातल्या एखाद्या मुलाचा जन्म अशा उपचारातून झालेला असेल, कोणी दत्तक घेतलेले असेल, आणि कदाचित शिकवणाऱ्या बाईंना किंवा सरांनाच मूल नसेल. म्हणून ‘सुदैवाने’, ‘बिचारे’, ‘सुख’ असे शब्द टाळून जसे पचनसंस्था शिकवतो तसे हे शिकवावे. मूल नसलेले आयुष्य अपुरे असते, असे विज्ञानाचे पुस्तक सांगत नाही. आपणही सुचवू नये. ओटीभरणाला जिला बोलावत नाहीत तिच्याविषयी बोलायला मात्र हरकत नाही. मुली स्वतःच बोलतील.

पुढच्या आवृत्तीसाठी माझी मागणी मोठी नाही. पाळीच्या आकृतीखाली पुढील मजकूर घालावा : “अंडपेशी वेळेवर सुटत नसेल तर मेंदूला इस्ट्रोजेन कमी असल्याचा निरोप देणाऱ्या गोळ्यांनी ती सुटायला मदत होते. या गोळ्या घेण्यापूर्वी पती-पत्नी दोघांची तपासणी आवश्यक असते. त्यांनी जुळी होण्याची शक्यता वाढते, म्हणून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात. कोणताही उपचार सर्वांना लागू पडत नाही.” त्यासाठी जागा नसेल तर वीर्यपेढीचे चित्र थोडे लहान करावे. तोवर शिक्षकांनी हा मजकूर फळ्यावर लिहून द्यायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.